बोटीवर धुतलेले कपडे वाळूनही पुन्हा दमट होतात, वास मारतात: कारण आणि उपाय

तक्रार नेमकी अशी. कपडे बोटीवर धुतले, दिवसभर उन्हात कठड्यावर वाळवले, घडी घालताना खडखडीत लागले. रात्री वारा पडला की तेच कपडे हाताला गार आणि चिकट. अंगात घातले की पाठीला बसतात. बॅगेत ठेवले तर तिसऱ्या दिवशी कुबट वास. म्हणून पुन्हा धुवायचे, आणि पुन्हा तेच.

हे मी दोन वर्षं सोसलं. घर कोल्हापुरात, शिवाजी पेठेत. नोकरी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बंदरात, छोट्या वर्क बोटीवर फिटर म्हणून. चाळीस दिवस बोटीवरच राहायचं, मग पंधरा दिवस घर. बोटीवर आम्ही सहाजण आणि गोड्या पाण्याची टाकी ६०० लिटरची. ती आठ दिवसांतून एकदा जेटीवर भरून मिळते. म्हणजे माणशी दिवसाला साडेबारा लिटर. त्यातच पिणं, स्वयंपाक, भांडी, आंघोळ. धुण्याच्या वाट्याला आठवड्याला माणशी सहा लिटर आले तरी पुष्कळ. त्यामुळे धुणं समुद्राच्या पाण्यात करायचं आणि शेवटी एकदा गोड्या पाण्यातून काढायचं, अशी सगळ्यांची रीत. घाटावरून कोकणात बोटीवर कामाला गेलेली आपली बरीच पोरं हेच करत असणार, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी मी काय काय करून बघितलं ते सांगतो, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. पावडर दुप्पट घातली. शेवटच्या पाण्यात जंतुनाशक घातलं. कपड्यांना वास देणारं महागडं द्रव आणलं. बॅग बदलली. एक दिवसाऐवजी दोन दिवस ऊन दाखवलं. यातल्या कशानंही कायमचा फरक पडला नाही. पावडर वाढवल्यावर उलट कपडे जास्तच ताठ आणि चिकट झाले.

उलगडा झाला तो घरी, जुलैत. रजेवर निघायच्या आदल्या दिवशी मी बोटीवर सगळे कपडे धुतले होते. आंबा घाटात धो-धो पाऊस, एसटीच्या खिडकीतून पाणी आत. घरी पोचेपर्यंत बॅग गार पडली होती. आईनं कपडे काढून सोप्यातल्या, म्हणजे पुढच्या खोलीतल्या, दोरीवर टाकले. शेजारीच घरचं धुणं होतं. वर पंखा चालू. सकाळी घरचे कपडे बऱ्यापैकी वाळलेले, माझे जसेच्या तसे. तिनं इस्त्री फिरवली, वाफ निघाली, कोरडे करून कपाटात ठेवले. दुसऱ्या दिवशी माझा शर्ट पुन्हा दमट, आणि त्याच फळीवरचा वडिलांचा शर्ट मात्र ठीक. आईनं कापड दोन बोटांत धरून बघितलं आणि म्हणाली, "आरं, हे गुळागत पाझरायलंय. धुतलंयस का नुसतं भिजवलंयस?"

कोल्हापूरच्या माणसाला पावसाळ्यातल्या गुळाबद्दल वेगळं सांगायला नको. ढेप उघडी राहिली तर आषाढात तिला पाझर फुटतो. हवेतलं पाणी ती ओढून घेते. मीठही तसंच. स्वयंपाकघरात दोन बरण्या होत्या: एक पिशवीतल्या बारीक मिठाची, एक खड्याच्या मिठाची. बारीक मीठ जरा गोळा झालेलं, खड्याच्या मिठाच्या बुडाशी चक्क पाणी. मी शर्टाची बाही जिभेला लावली. खारट.

त्या दिवशी एक साधा पडताळा घेतला. एकाच दिवशी घेतलेल्या, बोटीवर एकत्र धुतलेल्या दोन बनियन घेतल्या. एक नळाच्या पाण्यातून तीन वेळा काढून, दर वेळी घट्ट पिळून वाळत घातली. दुसरी नुसती भिजवून, पिळून घातली. संध्याकाळपर्यंत पहिली वाळली आणि नंतर पावसाळी हवेत जेवढी कोरडी राहील तेवढी राहिली. दुसरी रजा संपेपर्यंत दमटच होती. ऊन नव्हतं दोघींनाही. म्हणजे दोष उन्हाचा नव्हता, हवेचाही नव्हता. कापडात राहिलेल्या मिठाचा होता.

आता याचं गणित. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सगळे क्षार मिळून साधारण ३५ ग्रॅम असतात. त्यातला मोठा भाग आपलं खायचं मीठ, सोडियम क्लोराइड. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते पाणी ओढून विरघळायला लागतं. पण त्याच्या जोडीला मॅग्नेशियम क्लोराइड असतं, आणि त्याला ३३ टक्के आर्द्रताही पुरते. खड्याच्या मिठाला पाणी सुटतं ते प्रामुख्यानं याच्यामुळे. पिशवीतल्या मिठातून मॅग्नेशियम बरंचसं काढून टाकलेलं असतं. किनाऱ्यावर मे महिन्यातल्या दुपारी शर्ट खडखडीत वाटतो आणि रात्री आर्द्रता वाढली की गार पडतो, त्याचं कारण हेच. कोल्हापुरात जुलैत आर्द्रता सहज ८५ टक्क्यांच्या वर असते. असा शर्ट तिथं वाळणारच नाही, इस्त्री कितीही फिरवा.

मग प्रश्न पडला, आम्ही शेवटी गोड्या पाण्यातून काढतो, तरी एवढं मीठ राहतं कुठून? घरच्या ताणकाट्यावर माझं एका वेळचं धुणं तोललं. दोन शर्ट, एक पॅन्ट, एक टॉवेल. कोरडं वजन १ किलो ३०० ग्रॅम. एकट्यानं हातानं पिळल्यावर ३ किलो ३०० ग्रॅम. म्हणजे पिळूनही दोन लिटर पाणी आतच. बोटीवर ते दोन लिटर समुद्राचं असतं. ते सहा लिटर गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवलं की बादलीत आठ लिटर पाणी झालं आणि त्यातला चौथा हिस्सा समुद्र. लिटरमागे जवळपास ९ ग्रॅम मीठ. तेच पाणी कपड्यात घेऊन आम्ही ते वाळत घालत होतो. चार कपड्यांत मिळून साडेसतरा ग्रॅम मीठ, म्हणजे तीन चहाचे चमचे. दोन वर्षं मी हे "गोड्या पाण्यातून काढलं" म्हणत होतो.

तेच सहा लिटर वापरून दुसरा हिशेब बघा. आधी दोघांनी मिळून पिळायचं. टॉवेल किंवा पॅन्टचं एक टोक एकानं धरायचं, दुसरं दुसऱ्यानं, आणि उलट्या दिशेला पीळ देत जायचं, पिळ्याचा दोर होईपर्यंत. अशानं माझ्या काट्यावर आत राहणारं पाणी दोन लिटरवरून एक लिटर २०० मिलीवर आलं. मग सहा लिटर एकदम न ओतता दोन-दोन लिटरचे तीन भाग करायचे. पहिल्या दोन लिटरमध्ये कपडे खळबळायचे, दोघांनी पिळायचं, ते पाणी टाकून द्यायचं. मग दुसरे दोन लिटर, मग तिसरे. दर फेरीला मीठ सुमारे ३७ टक्क्यांवर येतं. तीन फेऱ्यांनंतर जे उरतं ते चार कपड्यांत मिळून सव्वादोन ग्रॅम. साडेसतराचे सव्वादोन, आणि पाणी एक थेंबही जास्त नाही. सारंगांना, म्हणजे आमच्या बोटीच्या प्रमुखांना, हा आकडा दाखवल्यावर त्यांनी आधी मान हलवली, मग स्वतःचा टॉवेल आणून दिला.

या सगळ्यात महत्त्वाचं काय, तर पिळणं. पाणी कितीही असो, पिळल्याशिवाय दुसऱ्या पाण्यात घालायचं नाही. दोन लिटरमध्ये चार कपडे नीट बुडत नाहीत हे खरं, तेव्हा पसरट टब घ्यायचा आणि पाणी कापडातून दाबून दाबून फिरवायचं, कणीक मळतो तसं. आणखी पाणी वाचवायचं असेल तर तिघाचौघांचं धुणं एकाच दिवशी काढा आणि तीन टब मांडा. पहिल्या टबात सगळ्यात खारं पाणी, तिसऱ्यात सगळ्यात स्वच्छ. प्रत्येकाचा कपडा पहिल्या टबातून तिसऱ्याकडे जातो. पहिल्याचं पाणी फार खारट झालं की ते टाकायचं, दुसऱ्याचं पहिल्यात, तिसऱ्याचं दुसऱ्यात, आणि नवं गोडं पाणी फक्त तिसऱ्यात. आता आम्ही असंच करतो आणि माणशी सहाऐवजी पाच लिटरमध्ये भागतं.

रंकाळ्याजवळच्या धुण्याच्या चावीवर, म्हणजे कपडे धुवायच्या सार्वजनिक जागी, आमची आज्जी धुणं न्यायची. मी लहानपणी सोबत जायचो. ती प्रत्येक कपडा पाण्यातून काढून पिळायची, पुन्हा पाण्यात, पुन्हा पिळायची, आणि मला ते उगाच वेळ घालवणं वाटायचं. तिथं पाण्याला तोटा नव्हता तरी ती पिळणं सोडत नव्हती.

आता धुण्याकडे. समुद्राच्या पाण्यात धुण्याच्या साबणाची वडी चालत नाही. त्या पाण्यात लिटरमागे सुमारे १.३ ग्रॅम मॅग्नेशियम आणि ०.४ ग्रॅम कॅल्शियम असतं. तेलापासून केलेला साबण या दोघांशी जुळून पांढरट, चिकट साका तयार करतो. कोल्हापुरात बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि बादलीला पांढरा थर चढतो, तोच प्रकार, इथं कितीतरी पट. तो साका कापडात बसतो, मळ आणि घाम धरून ठेवतो, आणि गोड्या पाण्यानंही निघत नाही. माझ्या शर्टांच्या कॉलरवर जो राखाडी थर होता तो मळ नव्हता, हा साका होता. म्हणून खाऱ्या पाण्यात डिटर्जंट पावडर किंवा द्रव डिटर्जंटच वापरा. निव्वळ खोबरेल तेलाचा साबण खाऱ्या पाण्यात इतर साबणांपेक्षा बरा फेसाळतो, अंघोळीला तो ठेवा, कपड्यांना नको. आणि डिटर्जंटही बेतानं: चार कपड्यांना दोन चमचे. जास्त घातलं की ते काढायला पुन्हा गोडं पाणी लागतं, आणि तेच तर आपल्याकडे नाही.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. डेकवर दिवसभर काम केलेल्या कपड्यांवर तुषार उडून वाळलेलं मीठ असतं. ते धुण्याआधी कोरडेपणीच झटकायचं. दुपारच्या कडक उन्हात पॅन्ट कठड्यावर दोन-चार वेळा झोडपली की पांढरी भुकटी उडताना दिसते.

चोळायचे कष्ट वाचवायचे असतील तर घट्ट झाकणाचा २० लिटरचा ड्रम घ्या. निम्म्यापर्यंत पाणी, डिटर्जंट, कपडे, झाकण बंद, आणि ड्रम आडवा करून दोरीनं पक्का बांधा. बोट दोन तास डुलली की कपडे निघतात. काही जण कपडे जाळीत घालून बोटीमागे ओढत नेतात. मी ते करू देत नाही. जाळीची दोरी बोटीच्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) गेली तर कपडे जातीलच, शाफ्टचं काम माझ्या गळ्यात येईल, आणि ते भर समुद्रात करावं लागलं तर जीवावरचं आहे. बंदराच्या आतलं, तवंग असलेलं पाणीही धुण्याला घेऊ नका. डिझेलचा वास सुती कापडातून महिना महिना जात नाही.

वासाचा मुद्दा राहिला. कुबट वास घामाचा नसतो. २०१२ मध्ये जपानी संशोधकांनी घरात वाळवलेल्या कपड्यांच्या या वासामागे मोराक्सेला ओस्लोएन्सिस नावाचा जीवाणू असल्याचं दाखवलं. कापड बराच वेळ ओलसर राहिलं की तो आत राहिलेल्या मळावर वाढतो आणि वासाचं आम्ल तयार करतो. मीठ राहिलं की कापड ओलसर राहणार, साका राहिला की त्याला खाणं मिळणार. म्हणून जंतुनाशकाचा एक हात मारून वास दोन दिवस जायचा आणि परत यायचा. मीठ आणि साका काढल्यावर माझ्या नव्या कपड्यांना वास आलेला नाही. जुन्यांमध्ये मात्र तो मुरलेला होता, तो काढायला घरचा बंब कामी आला. बंबातलं कडत पाणी, हात लावता येणार नाही असं, त्यात डिटर्जंट आणि मूठभर धुण्याचा सोडा, आणि कपडे दोन तास बुडवून. पाणी दुधाळ झालं. तो साका सुटत होता. मग साध्या पाण्यातून तीन वेळा. पांढऱ्या कपड्यांवर बुरशीचे काळे ठिपके असतील तर ऑक्सिजन ब्लीच वापरा. क्लोरीनचं ब्लीच वापरणारच असाल तर ते कुठल्याही आम्लात, विशेषतः संडास साफ करायच्या द्रवात मिसळू देऊ नका. त्यातून विषारी वायू सुटतो, आणि बोटीची न्हाणी म्हणजे बंद डबी. रेशीम, लोकर, रंगीत कपडे या कडत पाण्यात घालू नयेत.

मीठ पुरेसं निघालं की नाही हे कळायला मी एक पारदर्शक बाटली ठेवली आहे. शेवटच्या पिळण्यातलं थोडं पाणी त्यात घ्यायचं आणि नुसतं हलवायचं. फेस आला तर डिटर्जंट राहिलंय. फेस नाही आला, तर त्यात तेलाच्या साबणाचा नखाएवढा तुकडा घालून पुन्हा हलवायचं. फेस टिकला तर क्षार गेले. दह्यासारख्या गुठळ्या झाल्या तर अजून एक पाणी हवं. बाटली नसेल तर वाळलेल्या बाहीचं टोक जिभेला लावा, तेही पुरतं.

बॉयलर सूट, म्हणजे इंजिनकामाचा अंगभर पोशाख, या सगळ्यात आणू नका. तो वेगळ्या बादलीत, भांड्याच्या द्रवानं आधी तेलाचे डाग चोळून, आणि उघड्या हवेत डिझेलचा वास जाईपर्यंत वाळवून. डिझेलचा वास येत असताना इस्त्री लावायची नाही. लोखंडी स्प्रिंगचे चिमटे खाऱ्या हवेत आठवड्यात गंजतात आणि शर्टावर तांबूस ठसा सोडतात. त्या डागाला ब्लीच लावलं तर तो पक्का बसतो. लिंबाचा रस लावून उन्हात ठेवा, मग धुवा. चिमटे प्लास्टिकचे किंवा लाकडीच घ्या. मी महाद्वार रोडवरून डझनभर नेतो.

हे सगळं करूनही कोल्हापुरात, घरी नळाच्या पाण्यात धुतलेले कपडे पावसाळ्यात वास मारत असतील तर ती वेगळी अडचण आहे. तिथं मीठ नसतं, हवा खेळत नसते. दोरीवर कपड्याला कपडा चिकटू देऊ नका, मध्ये वीतभर जागा सोडा, पंखा वरून नव्हे तर बाजूनं लावा, आणि रोज थोडं थोडं धुवा. आठवड्याचं धुणं रविवारी एकदम काढलं तर सोपा तीन दिवस दमट राहतो. वाळल्यासारखे वाटले तरी शिवणी आणि खिसे हाताला लावून बघितल्याशिवाय कपाटात ठेवू नका.

बोटीवर वाळवण्याची वेळ मात्र नक्की पाळा. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलेलं इथं उपयोगी पडतं. रात्री आणि सकाळी जमिनीकडून येणारा मतलई वारा असतो, त्यात मिठाचे तुषार नसतात. दुपार झाली की खारा वारा सुटतो, लाटांची शेंडी फुटते आणि तीन पाण्यातून काढलेल्या शर्टावर पुन्हा समुद्र येऊन बसतो. म्हणून आम्ही आता धुणं पहाटे काढतो, उजाडता उजाडता दोरी भरलेली असते, ती कठड्यावर नाही, वर छताखाली मागच्या बाजूला. खारा वारा अंगाला लागायला लागला की असतील तसे कपडे आत घ्यायचे, थोडे ओले असले तरी. उरलेलं इंजिन रूमच्या दाराशी, गरम हवेच्या झोतात तासाभरात वाळतं. फक्त एक्झॉस्टच्या पाइपावर टाकू नका, आणि फिरणाऱ्या पट्ट्यापासून दोरी लांब बांधा.